खातूनबाईंचं डबडं

दौंडच्या तहसील कचेरीच्या भिंतीला लागून टाइपिंगवाल्यांची ओळ बसायची. वर पत्र्याचं शेड, खाली लाकडी टेबलं, टेबलांवर काळ्या मशिनी आणि दिवसभर टकटक. त्या ओळीत बाई एकच. खातून इनुस शेख.

खातूनबाई माहेरच्या मांडवगण फराट्याच्या. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न होऊन दौंडला आल्या तेव्हा सासू म्हणाली, शिवणकाम शिक. ह्या म्हणाल्या, "शिवण सगळ्याच शिकत्यात, मग शिवून घ्यायला कोण येणार?" आणि मराठी टायपिंगच्या क्लासला जाऊन बसल्या. परीक्षा पास झाल्या, एक जुनी मशीन मिळवली आणि सरळ कचेरीपुढच्या ओळीत टेबल टाकलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी टेबल जागेवर नव्हतं, मुतारीच्या भिंतीपाशी होतं. खातूनबाईंनी ते उचलून परत आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मुतारीपाशी. पुन्हा आणलं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी ओळीतले सगळ्यात जुने टाइपिस्ट गेणबाआप्पा कावले.

"बाई, रोज टेबल उचलून कंटाळा येत न्हाई का?"

"तुम्हाला आला की मलाबी येईल, आप्पा."

त्यानंतर टेबल हललं नाही.

ही गोष्ट त्याच्या सात-आठ वर्षांनंतरची. कचेरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं काचेचं एक दुकान उघडलं. आत एसी, नवे कॉम्प्युटर, भिंतीवर हिरवा रंग. बापूसाहेबांच्या मुलानं, पृथ्वीराजनं काढलेलं कॉम्प्युटर सेंटर. बापूसाहेब म्हणजे तालुक्यातली मोठी असामी. ऊस, सोसायटी, शिक्षणसंस्था, सगळीकडं त्यांचा शब्द. वर्षभरात वकील मंडळी रस्ता ओलांडून काचेत जाऊ लागली. तिकडं खाडाखोड नव्हती. एक कागद चुकला तर सगळा पुन्हा बडवावा लागत नव्हता. ओळीतली टकटक मंदावली.

"दोन वरसाचं खूळ हाय," गेणबाआप्पा म्हणाले. "लाइट गेली की बसतील हात चोळत. आपली मशीन लाइटीवर चालत न्हाई."

खातूनबाई मात्र घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मला कॉम्प्युटर पायजे."

इनुसभाई कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होते. पिंपं हलवायचं काम, तिन्ही पाळ्यांत. माणूस कमी बोलणारा. घरात दोघं दखनीत बोलायची, पण वाद घालायचा असला की खातूनबाई मराठीवर यायच्या. त्या दिवशी त्या मराठीत बोलत होत्या, त्यामुळं इनुसभाईंनी वाद घातलाच नाही.

योग असा की ते एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. दोन हजार साल लागलं की जुने कॉम्प्युटर तारखेत गोंधळ घालणार, अशी आवई सगळीकडं उठली होती. कंपन्यांनी जुन्या मशिनी काढून नव्या आणल्या. इनुसभाईंच्या कंपनीच्या भंगाराच्या ढिगात असाच एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता. त्यांनी साहेबांना विचारलं, गेट पास करून घेतला आणि पोत्यात गुंडाळून तो एसटीनं घरी आणला.

"चालतो का?" खातूनबाईंनी विचारलं.

"साहेब म्हणाले, चालत होता. फक्त आतली डिस्क काढून घेतलीय. कंपनीचा नियम हाय."

म्हणजे मशीनला मेंदू होता, पण आठवण नव्हती. सुरू केली की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, थोडा वेळ काहीतरी शोधायची, आणि सापडत नाही म्हणून थांबायची. मराठीचं सॉफ्टवेअर ठेवायचं तर हार्डडिस्क हवी. टाइप केलेलं जपून ठेवायचं तरी हार्डडिस्क हवी.

खातूनबाईंचा धाकटा भाऊ अनिस शिरूरला टीव्ही दुरुस्त करायचा. सामान आणायला तो पुण्याला जायचा. त्याला त्यांनी निरोप धाडला. अनिस पुण्याच्या एका दुकानात गेला, मशीनचं वर्णन सांगितलं. दुकानदार हसला. म्हणाला, ह्या मशिनीला बसेल अशी डिस्क आता बनतच नाही. मशीन टाका आणि नवी घ्या. अनिस काउंटर सोडेना, तेव्हा दुकानदारानं त्यातल्या त्यात लहान म्हणून चार जीबीची एक डिस्क दिली आणि बजावलं, बसली नाही तर परत घेणार नाही.

डिस्क घेऊन अनिस दौंडला आला. त्यानं कॉम्प्युटर कधी उघडला नव्हता, पण उघडायची भीतीही त्याला नव्हती. पहिल्यांदा डिस्कला जोडायची वायरीची पट्टी उलटी लागली. ती सुलटी केली. मग डिस्कच्या मागं एक नखाएवढी टोपी दोन काट्यांवर बसवायची असते, ती चुकीच्या काट्यांवर होती. तीही बदलली. डिस्क आत गरगरू लागली तसे बहीण-भाऊ खूश झाले. पण मशीननं डिस्क ओळखायला घेतली आणि तिथंच अडकली. पडद्यावर बारीक रेघ लुकलुकत राहिली. किती वेळा बंद-चालू केलं तरी तेच.

"आपा, दुकानदार खरं बोलत होता बघ," अनिस म्हणाला. "भारीतली म्हस आणली, पण गोठ्याचं दारच बारीक."

"मग म्हशीला मान खाली घालायला शिकवू," खातूनबाई म्हणाल्या.

त्यांनी ते धूड घरी ठेवलं नाही. कचेरीपाशी बानूबाईंची चहाची टपरी होती, तिच्या शेजारी एक मोकळी लाकडी टपरी होती. ती भाड्यानं घेतली, बानूबाईंच्या मीटरवरून वायर ओढली आणि बंद पडलेला कॉम्प्युटर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं मांडला. बाजूला जुनी टाइपरायटर. दिवसभर टाइपरायटरवर काम, आणि मधल्या वेळात मशीन उघडून बसणं. येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, डबडं चाललं का?" ह्या म्हणायच्या, "न्हाई अजून. उद्या विचारा."

ओळीला ते सहन झालं नाही. एक दिवस गेणबाआप्पा चार-पाच जणांना घेऊन टपरीपुढं आले.

"खातूनबाई, हे बरं न्हाई. आज तुम्ही कॉम्प्युटर लावला, उद्या गिऱ्हाईक आम्हाला म्हणणार, तुमी बी लावा. आमी कुठून लावायचा? आपल्यातल्यानंच आपल्या पोटावर पाय द्यावा?"

"आप्पा, कॉम्प्युटर समोर काचेत लागून वरीस झालं. तवा तुम्ही तिकडं गेला न्हाई, दारात उभं राहिला न्हाई. आन् माझं तर अजून सुरूबी झालं न्हाई, तर आलात."

"तिकडं बापूसाहेबांचा पोरगा हाय."

"व्हय ना. आन् हिकडं मी हाय. म्हणून हिकडं आलात."

आप्पा चिडून निघून गेले. त्या दिवसापासून ओळीनं खातूनबाईंशी बोलणं टाकलं. कागद, कार्बन संपला तर कुणी उसना देईना. खातूनबाईंना त्याचं वाईट वाटलं. रात्री त्या नीट जेवल्या नाहीत, हे इनुसभाईंनी पाहिलं. पण सकाळी टपरी वेळेवर उघडली.

तिढा सुटला तो अगदी अनपेक्षित बाजूनं. पृथ्वीराजच्या सेंटरमध्ये मोनाली नावाची मुलगी शिकवायला होती. शिरूरहून डिप्लोमा करून आलेली, बावीस-तेवीस वर्षांची. काचेत बसून डोकं दुखलं की ती बानूबाईंकडं चहाला यायची. उघडं पडलेलं मशीन ती रोज बघायची. एकदा न राहवून तिनं विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे, ताई?"

खातूनबाईंनी सगळं सांगितलं. मोनालीनं चहाचा कप ठेवला, खुर्ची ओढली आणि मशीन सुरू करून निळ्या पडद्यावरच्या एका पानावर गेली.

"बघा, ताई. ही मशीन जुनी आहे. तिला ठरावीक आकड्यापुढं मोजताच येत नाही. डिस्क एवढी मोठी बघितली की ती मोजत बसते आणि गोंधळते. आपण तिला मोजायलाच सांगायचं नाही. आपण स्वतः सांगायचं, डिस्क लहान आहे म्हणून."

"खोटं सांगायचं?"

"खोटं कशाला? कमी सांगायचं. चार जीबीतली अर्धी जीबी तिला दाखवायची, बाकीची झाकून ठेवायची. तुम्हाला मराठी टायपिंगला तेवढी वर्षानुवर्षं पुरेल."

"मला चालंल. कमीच सांगा."

मोनालीनं तीन आकडे भरले. एक हजार तेवीस, सोळा, त्रेसष्ट. मग मशीन बंद करून सुरू केली. पांढरी अक्षरं आली, थोडी थांबली आणि पुढं सरकली. डिस्क सापडली होती.

बानूबाईंनी उकळतं दूध तसंच सोडून टपरीत डोकं घातलं. "झालं?"

"अजून फॉरमॅट करायचीय," मोनाली म्हणाली. तिनं सेंटरमधून एक फ्लॉपी आणली, कमांड दिली आणि पडद्यावर टक्के मोजले जाऊ लागले. खातूनबाई तिथून उठल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाला त्यांनी नंतर या म्हणून परत पाठवलं, हे पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन सुरू केली, तर पुन्हा तेच. डिस्क नाही. मोनाली आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "डिस्क ठीक आहे, ताई. आतली बॅटरी मेलीय. मशीन बंद झाली की आपण सांगितलेलं सगळं विसरते."

"मग रोज सांगीन," खातूनबाई म्हणाल्या, आणि मोनालीला बाजूला सारून त्यांनी स्वतः ते तीन आकडे भरले. पुढचे काही आठवडे हाच नेम झाला. टपरी उघडायची, पाणी मारायचं, मशीनला तिची आठवण द्यायची, मग काम. नंतर अनिस येऊन गेला. त्यानं गळलेली बॅटरी काढून टॉर्चमध्ये घालतात तसले तीन सेल वायरनं जोडून दिले. डब्याच्या मागं ते सेल चिकटपट्टीनं बांधलेले असायचे. शिरूरच्या एका छापखान्यातून त्यानं मराठी टायपिंगच्या फ्लॉप्याही आणल्या. त्यातला कीबोर्ड टाइपरायटरसारखाच होता. खातूनबाईंच्या बोटांना नवीन काहीच शिकावं लागलं नाही. बोटं ठेवली आणि ती चालायला लागली. एक जुना प्रिंटर मिळाला, तो कोंबडी दाबल्यासारखा ओरडायचा, पण छापायचा.

पृथ्वीराजला कुणीतरी सांगितलं. त्यानं मोनालीला सगळ्यांसमोर विचारलं, तिकडं तू काय करून आलीस? मोनाली म्हणाली, "त्यांची मशीन चालू करून दिली, सर. माझ्या चहाच्या वेळात." तो काही करू शकला नाही, कारण तिच्याइतकं काम येणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सिंधूबाई आल्या. भांडगावाकडच्या एका वस्तीवरची पन्नाशीतली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात टायरच्या चपला. हातात एक नोटीस होती. वस्तीच्या कडेचं गायरान बापूसाहेबांच्या शिक्षणसंस्थेला द्यायचं चाललं होतं. कुणाची हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत लेखी द्यावी, असं त्यात लिहिलं होतं.

"आमची सगळ्यांची शेरडं तिथंच चरत्यात," सिंधूबाई म्हणाल्या. "शाळेला न्हाई म्हणत न्हाई आम्ही. पर शाळेच्या नावानं समदं कुंपणात गेलं, तर आमी जायचं कुठं? त्या काचवाल्याकडं गेले, तो म्हणला, वेळ न्हाई. ओळीत गेले, तर आप्पा म्हणलं, बापूसाहेबांच्या इरोधातला कागद हितं कुणी लिवणार न्हाई."

"एकच अर्ज करायचाय का?"

"वकील म्हणला, एका अर्जावर शंभर अंगठे केले तरी हरकत एकच धरतील. बाईगणिक येगळा अर्ज पायजे. तिची शेरडं किती, घर कुठं, समदं येगळं. चाळीसएक बाया हाईत आमी."

टाइपरायटरवर हे काम अंगावर आलं असतं. पण आता मजकूर एकदा टाइप करून डिस्कवर ठेवायचा, आणि नाव, शेरडं, घर तेवढं बदलत जायचं.

"करू," खातूनबाई म्हणाल्या. "बायांची माहिती आणा."

गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. दोन दिवसांनी बापूसाहेब स्वतः टपरीपुढं उतरले. पांढरे कपडे, आवाज मऊ. बानूबाईंनी लगबगीनं स्टूल पुसलं. ते बसले नाहीत.

"खातूनबाई, तुमचं कौतुक ऐकलं. भंगारातली मशीन चालवलीत."

"तुमच्या सेंटरमधल्या पोरीनं मदत केली, बापूसाहेब."

"ऐकलं तेबी. मी काय म्हणतो, ह्या डबड्यात कशाला डोळे फोडून घेताय? आमच्या सेंटरला या. नवी मशीन देतो, पंख्याखाली बसा. महिन्याचा पगार. फक्त कोणतं काम घ्यायचं, कोणतं न्हाई, ते पृथ्वीराज ठरवंल."

"आन् आत्ता हातात हाय ते काम?"

"ते सोडायचं. त्यात तुमचा काय संबंध? ना तुमचं गाव, ना तुमची शेरडं."

खातूनबाई उभ्या राहिल्या. "बापूसाहेब, वयानं तुम्ही मोठे. म्हणून उभी राहून सांगते. नव्या मशीनवर मला बसता येईल, पर ती तुमची ऱ्हाईल. ही फुटकी असली तरी माझी हाय. हिच्यावर काय लिवायचं ते मी ठरवणार."

बापूसाहेब हसले. "तुमचे मालक कुरकुंभला हाईत ना?" एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

त्याच आठवड्यात इनुसभाई भर दुपारी घरी परत आले. ठेकेदारानं गेटवरच सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको. हातात जेवणाचा डबा तसाच. खातूनबाई घरी धावत आल्या. त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "मी सोडते ते काम. जाऊन सांगते."

इनुसभाईंनी पायातले बूट काढले. "खातून, बारा वरसं मी पिंपं हलवली. कुणी विचारलं न्हाई, इनुस, तुझं मत काय. आज पहिल्यांदा माझ्यामुळं एवढा मोठा माणूस हलला." त्यांनी बूट कोपऱ्यात सारले. "माझ्यामुळं म्हंजी तुझ्यामुळं. पर गेटवर मलाच थांबवलं ना? मग माझाबी हिस्सा हाय त्यात. सोडायचं न्हाई. डबा उघड, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी टपरीतली लाइट गेली. बानूबाई रडतच आल्या. टपरीची जागा बापूसाहेबांच्या भावकीतल्या एकाची होती. त्यानं येऊन सांगितलं होतं, शेजारच्या टपरीत वायर दिसली तर तुझीबी टपरी उठवीन.

"माझा इलाज न्हाई, खातूनबी."

"तुमचा काय दोष? वायर काढली ते बरं केलं. तुमची चूल इझाया नको."

हरकतीची मुदत संपायला थोडेच दिवस होते. अर्ध्या बायांची माहिती अजून यायची होती. उरलेल्या बायांना कधी आणू, हे विचारायला सिंधूबाई आल्या, तेव्हा खातूनबाई टपरीच्या फळीवर बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "वस्तीवर लाइट हाय का हो, सिंधूबाई?"

"हाय की. माझ्या घरात दोन बल्ब हाईत."

"मग बाया हिकडं कशाला आणताय? मशीनच तिकडं नेऊ."

इनुसभाईंनी ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलं. सगळ्यांदेखत मॉनिटर, प्रिंटर टेम्पोत चढवला. डिस्क असलेला डबा खातूनबाईंनी कुणाच्या हाती दिला नाही. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला, जसं तापलेलं लेकरू घ्यावं. काचेच्या आतून पृथ्वीराज बघत होता. गेणबाआप्पा बघत होते. त्यांनी हाक मारली, "बाई, डबडं घेऊन पळालात का?"

"पळाले न्हाई, आप्पा. कामावर निघाले."

कुरकुंभ गेलं, पाटस गेलं. हायवे सोडल्यावर रस्ता असा होता की टेम्पोसकट सगळे उडत होते. खातूनबाई प्रत्येक खड्ड्याला डबा उचलून धरायच्या. वस्तीवर पोचल्यावर सिंधूबाईंच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत टेबल मांडलं. घरातून वायर ओढली. बाया गोळा झाल्या. कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या मागं शेरडू. म्हातारी ताईबाई तर मशीनसमोर पुढंच येऊन बसली.

खातूनबाईंनी बटण दाबलं. पांढरी अक्षरं आली. आणि थांबली. डिस्क नाही.

इनुसभाईंनी मागं हात घातला. हादऱ्यानं सेल निसटून वायरीला लोंबकळत होते. मशीन सगळं विसरली होती.

"बिघाडलं का गं?" ताईबाईंनी विचारलं.

"न्हाई आजी. इसरली हाय. आठवण करून देते."

निळं पान उघडलं. एक हजार तेवीस. सोळा. त्रेसष्ट. मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. डिस्क गरगरली, अक्षरं पुढं सरकली, आणि मराठीतला अर्ज जसा ठेवला होता तसा पडद्यावर उभा राहिला. कुणीतरी टाळी वाजवली. खातूनबाईंनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "चला, पहिली कोण? नाव सांगा."

"ताईबाई."

"पुरं नाव, आजी."

म्हातारीनं सांगितलं. मागच्या कुणाला ते पुरं माहीत नव्हतं. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. ताईबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट पुढं केलं. "ह्यात मी कुठली?"

"ही बघा. हितून हितपर्यंत."

"एवढी मोठी हाय व्हय मी?"

बाया हसल्या. मग रांग लागली. शेरडांवरून भांडणंही झाली. एक म्हणाली माझी सहा, शेजारीण म्हणाली त्यातली दोन माझी. खातूनबाई कडक आवाजात म्हणायच्या, "खरं असंल तेच सांगा. उद्या साहेबानं मोजायला माणूस धाडला तर?" प्रिंटर ओरडत राहिला, शेरडं बुजत राहिली, इनुसभाई कागद फाडून वेगळे करत राहिले. ऊन कलायच्या आत सगळे अर्ज झाले. सह्या झाल्या, अंगठे झाले.

शेवटी सिंधूबाईंनी अर्ज निरखला. "बाई, समद्यांची नावं हाईत. तुमचं कुठं हाय?"

"माझं कशाला? मी टाइप करणारी."

"आमी नाव देऊन उभ्या ऱ्हायचं आन् तुम्ही मागं?"

खातूनबाईंनी अर्ज हातात घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो कागद टाइप केले होते, पण एकावरही स्वतःचं नाव घातलं नव्हतं. घालायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी इनुसभाईंकडं पाहिलं. ते म्हणाले, "जागा हाय खाली."

एकेक अर्ज परत प्रिंटरला लावला, आणि प्रत्येकाच्या तळाशी एक ओळ छापली. टंकलेखन : खातून इनुस शेख, दौंड.

अर्ज मुदतीच्या आत दाखल झाले. सुनावणीच्या दिवशी बाया टेम्पो भरून आल्या. कचेरीच्या व्हरांड्यात मावेनात. संस्थेच्या वकिलानं मुद्दा काढला की साहेब, हे सगळे अर्ज एकाच साच्याचे आहेत, एकाच बाईनं छापलेत, खाली नावसुद्धा आहे. तेव्हा ही हरकत एकच धरावी.

अधिकाऱ्यानं विचारलं, "ह्या खातून शेख कोण?"

"मी." दारातून आवाज आला.

"अर्ज तुम्ही केलेत?"

"टाइप मी केलेत, साहेब. म्हणणं त्यांचं हाय. कचेरीचे दाखलेसुद्धा एकाच साच्यात निघत्यात. म्हणून काय समदी माणसं एक होत्यात?"

व्हरांड्यात हशा पिकला. अधिकारीही गालात हसला. मग त्यानं एकेक नाव पुकारलं. एकेक बाई पुढं येऊन आपलं म्हणणं सांगून गेली. ताईबाईंनी तर शेरडांची नावंसुद्धा सांगितली. सगळ्या हरकती वेगवेगळ्या नोंदवल्या गेल्या.

बाहेर बापूसाहेबांची गाडी उभी होती. त्यांनी काच खाली केली. "समाधान झालं का, खातूनबाई?"

"अजून तारखा हाईत, बापूसाहेब. प्रत्येक तारखेला येणार."

आणि बाया आल्या. निकाल लागायला वर्ष गेलं. गायरान सगळंच्या सगळं वाचलं असं नाही. हायवेकडची पट्टी संस्थेला मिळाली. पण चराईची मोठी जमीन आणि पाण्याची वाट वस्तीकडं राहिली. त्या वर्षात खातूनबाईंना सोपं गेलं नाही. बापूसाहेबांना दुखवायला नको म्हणून कितीतरी लोक त्यांच्याकडं येईनासे झाले. इनुसभाईंनी काही महिने दौंड स्टेशनवर पार्सलच्या गाड्या ओढल्या, मग कुरकुंभलाच दुसऱ्या ठेकेदाराकडं लागले. गेणबाआप्पा शेवटपर्यंत खातूनबाईंशी धड बोलले नाहीत. लाइट मात्र आली. खातूनबाईंनी कचेरीच्या दुसऱ्या बाजूला, बापूसाहेबांच्या भावकीशी संबंध नसलेला एक गाळा शोधला आणि सहा महिने हेलपाटे घालून स्वतःचं मीटर बसवून घेतलं. तिथं गावोगावच्या बाया येऊ लागल्या. कुणाला रेशनकार्डावर नाव लावायचं, कुणाला नवऱ्याच्या मागं सातबाऱ्यावर. मोनाली जाता-येता डोकावायची, मशीनचं काही अडलं तर बघून जायची.

निकालाचा कागद हाती पडला त्या दिवशी सिंधूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन गाळ्यात शिरल्या. बरोबर चार-पाच बाया. समोरच्या खुर्चीवर लिंगाळीकडचा एक म्हातारा बसला होता, त्याचं प्रतिज्ञापत्र चाललं होतं.

"खातूनबाई, उठा की! निकाल आलाय!"

"बसा, बसा," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "ह्या मामांच्या दोन ओळी ऱ्हायल्यात. मग वाचू."